जुनी गाडी बघायला जाताय? इंजिन थंड असतानाच पोहोचा

ऑनलाइन फोटोत गाडी चकचकीत दिसते, पण इंजिनाचं दुखणं फोटोत येत नाही. विकणारा कधी कधी आपण पोहोचायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतो आणि स्टार्टिंगचा त्रास, खडखड, धूर सगळं झाकलं जातं. म्हणून सकाळीच जायचं, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.

१. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. मेव्हण्यासाठी गाडी बघताना मी एवढ्यावरूनच एक सौदा सोडला.

२. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ कॉफीसारखा चिकट थर भरपूर असेल, तर ऑइलमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिसळत असण्याची शक्यता आहे.

३. आता स्टार्ट करायला सांगा आणि स्वतः सायलेन्सरमागे उभे राहा. पांढरी वाफ थोड्या वेळात विरली तर चिंता नको. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर कूलंट जळत असू शकतं.

४. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाचा डाग किंवा कुबट वास असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. हे तर पाच सेकंदांचं काम, पण फार कमी लोक करतात.

रेडिएटरचं झाकण बघायचं असेल तर स्टार्ट करण्याआधीच बघा. गरम इंजिनावर ते अजिबात उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.