फ्रीजरमध्ये साचणारा बर्फ: या चुका टाळा

कोकणातील पुष्कळ घरांत आजही एका दाराचा फ्रीज आहे, आणि पावसाळा सुरू झाला की त्याच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा थर चढू लागतो. थर जाड झाला की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर हातात सुरी घेतात, नाहीतर मेकॅनिकला फोन करून ‘गॅस भरून द्या’ असे सांगतात. फ्रीज दुरुस्तीच्या कामात या दोन चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्यांविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

फ्रीजरमधला बर्फ हा हवेतल्या बाष्पाचा असतो. पावसाळ्यात तीस अंश तापमानाच्या दमट हवेत दर घनमीटरमागे २५ ग्रॅमहून अधिक पाणी वाफेच्या रूपात असते. त्यामुळे २० लिटरच्या फ्रीजरचे दार उघडून आतली सगळी हवा बदलली, तरी एका वेळी जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी आत जाते. साध्या वापराने थर वाढतो तो सावकाश. आठवड्याभरात दोन बोटे बर्फ चढत असेल, तर हवा कुठूनतरी अखंड आत शिरत आहे असे समजावे. म्हणून काहीही करण्याआधी बर्फ नेमका कुठे साचला आहे ते शांतपणे पाहावे. सगळीकडे सारखा पातळ थर असेल, तर दोष काहीच नाही, फक्त डीफ्रॉस्ट, म्हणजे साचलेला बर्फ वितळवून काढणे, राहून गेले आहे. तोंडाशी, दाराच्या कडेला जाड बर्फ असेल, तर दाराचे रबर तपासावे. नळी जिथून आत येते त्या एका कोपऱ्यातच बर्फ असेल, बाकीचा पत्रा कोरडा असेल आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारे मागचे यंत्र) थांबतच नसेल, तरच गॅस कमी झाल्याची शंका घ्यावी.

आता सुरीविषयी. फ्रीजरचा जो पत्रा आपल्याला दिसतो, त्याच्या आतूनच गॅसच्या वाहिन्या गेलेल्या असतात आणि तो पत्रा मऊ, पातळ ॲल्युमिनियमचा असतो. राजापूर तालुक्यातील एका घरात मासेमारी बंदीच्या दिवसांत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौका किनाऱ्याला असताना, मे महिन्यातच भरून ठेवलेल्या सुरमईची पिशवी बर्फात रुतून बसली होती. पाहुणे यायचे होते, म्हणून घरातल्या तरुणाने सुरीचे टोक पिशवीखाली घालून जोर लावला. ‘फुस्स’ असा आवाज आला, तो बर्फ तडकल्याचा असावा असे समजून त्याने पिशवी मोकळी केली आणि फ्रीज पुन्हा चालू करून ठेवला. मी पाहिले तेव्हा पत्र्यावर सुईच्या टोकाएवढे छिद्र होते आणि त्याच्याभोवती तेलाचा ओलसर डाग पसरला होता. छिद्र पडल्यानंतरही कॉम्प्रेसर चालू राहिल्यामुळे पावसाळी दमट हवा आत ओढली गेली होती, आणि शेवटी फ्रीजरच्या पत्र्याबरोबर कॉम्प्रेसरही बदलावा लागला. एवढा खर्च एका पिशवीच्या घाईपायी झाला.

खर्चाहून मोठा धोका वेगळाच आहे. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. फ्रीजच्या आतल्या किंवा कॉम्प्रेसरजवळच्या पट्टीवर हे नाव आणि ज्वालेचे चिन्ह छापलेले असते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साचतो. असा आवाज आला, तर शेगडी विझवावी, खिडक्या-दारे उघडावीत, स्वयंपाकघरातले कोणतेही बटण दाबू नये, प्लगही ओढू नये आणि वीज घराच्या मुख्य स्विचवरून बंद करावी. राजापूरच्या त्या घरात मागचे दार उघडे होते, म्हणून अनर्थ टळला.

बर्फ काढण्याची माझी रीत साधी आहे. सकाळी फ्रीज बंद करून प्लग काढावा, मासे वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवावेत, फ्रीजरमध्ये जाड फडक्यावर गरम पाण्याचे पातेले ठेवावे आणि खाली पाणी टिपण्यासाठी टॉवेल पसरावा. पाणी निवले की बदलावे. बर्फ हाताने आपोआप सुटून येईपर्यंत त्याला काहीही लावू नये. लाकडी उलथणेसुद्धा मला पसंत नाही, कारण एकदा हातात हत्यार आले की जोर लागतोच. ज्यांना अर्धा दिवस थांबणे जमत नाही, त्यांनी थर अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास असतानाच थर्मोस्टॅटच्या, म्हणजे थंडी कमी-जास्त करण्याच्या चकतीच्या, मधले डीफ्रॉस्टचे बटण दाबण्याची सवय लावावी.

दुसरी चूक गॅसची. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. नळ्यांतली हवा आणि ओलावा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप न लावता घाईने गॅस भरणारे मेकॅनिक तर नळीत ओलावा ठेवून जातात, तो बारीक नळीत गोठतो आणि काही दिवसांनी तक्रार पुन्हा उभी राहते. दापोलीजवळच्या एका घरात दोनदा गॅस भरूनही बर्फ थांबत नव्हता. बर्फ होता तो फक्त तोंडाशी, बिजागरीच्या बाजूला. वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावले, तर बाकी सगळीकडे ती घट्ट अडकत होती आणि तेवढ्या भागात अलगद निघत होती. रबर चांगले होते, पण ते जिथे टेकते त्या चौकटीच्या पत्र्यावर खाऱ्या हवेने गंजाचे फोड आले होते आणि त्यांवर रबर बसत नव्हते. तिथे नवे रबर लावूनही उपयोग झाला नसता. गंज घासून, प्रायमर आणि रंग लावल्यावर दार नीट बसू लागले. रबरच वाकडे झाले असेल, तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकून ते पुष्कळदा पूर्ववत होते. किनाऱ्यावरच्या घरात ही कागदाची तपासणी पावसाळ्याआधी एकदा करावीच.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. बर्फावर मीठ टाकू नये, त्याने ॲल्युमिनियम खराब होते. ओल्या फरशीवर उभे राहून हेअर ड्रायर वापरू नये. थर जाड झाला म्हणून थर्मोस्टॅट वाढवू नये. धुतलेले बांगडे निथळून, पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. कोब्याच्या असमान जमिनीवर फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच करावेत, म्हणजे दार आपल्या भाराने लागते.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, फ्रीजमध्ये मात्र बर्फ दिसणे हाच दोष असतो. फ्रीजरच्या आतल्या मागच्या भिंतीवर बर्फ असेल, तर डीफ्रॉस्टचा हीटर, सेन्सर किंवा टायमर तपासावा लागतो. फ्रीजरच्या तळाशी बर्फाची लादी असेल, तर पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असते. मेकॅनिकला बोलावताना यांपैकी काय दिसते आहे एवढे नेमके सांगितले, तर तो योग्य सुटा भाग बरोबर घेऊन येतो.