एकाच वर्गात, प्रत्येकाच्या गरजेनुसार शिकवायचं कसं?

वर्गात ४० मुलं आहेत म्हणून ४० पाठ तयार करावे लागत नाहीत. उद्दिष्ट सगळ्यांसाठी एकच ठेवायचं. तिथवर पोचायला कोणाला कोणता आधार द्यायचा, एवढंच बदलायचं. आणि हे ठरवायचं मुलांच्या चुकांवरून. ‘हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ अशी वर्गवारी करण्यात वेळ घालवू नका. त्याप्रमाणे शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ सालच्या एका सविस्तर संशोधन-आढाव्यात दिसून आलं.

१. चूक नेमकी पकडा

तास संपायच्या १० मिनिटं आधी चिठ्ठीवर तीन प्रश्न सोडवून घ्या: एक आधी शिकवलेल्या भागावर, एक आजचा, एक किंचित अवघड. प्रश्न निवडण्यातच खरं कौशल्य आहे. हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ − २७ चं उत्तर कोणी ३५ लिहिलं, तर चूक कुठे झाली ते कळत नाही. एककाच्या घरात त्याने उलटं, ७ मधून २ वजा केले असतील. किंवा हातचा घेतला, पण दशक एकाने कमी करायचं राहून गेलं असेल. दोन्हीकडे उत्तर ३५च. त्याऐवजी ५४ − २७ द्या. पहिल्या चुकीत ३३ येतात, दुसरीत ३७.

३३ लिहिणाऱ्याला दशक सुटं करणं म्हणजे काय हेच बहुधा उमगलेलं नसतं. त्याच्यासमोर दहा काड्यांची जुडी सोडून एकेक काडी मोजायला हवी. ३७ वाल्याला ते उमगलेलं असतं. दशकाचा अंक खोडून त्यावर नवा अंक लिहायची सवय लावली की बहुतेकदा काम होतं. दोघांना ‘कच्चे’ म्हणून एकत्र बसवून तेच पुन्हा शिकवणं हा दोघांवरही अन्याय आहे.

२. गट करा, पण तात्पुरते

चिठ्ठ्यांचे तीनच गठ्ठे करा. त्याहून जास्त गट एकट्या शिक्षकाला झेपत नाहीत. गटांना ‘हुशार’, ‘मागे’ अशी नावं नकोत. मुलांना ती लगेच कळतात आणि चिकटतात.

३. तास विभागा

४० मिनिटांपैकी पहिली १० सगळ्या वर्गासाठी, पुढची २० गटांत, शेवटची १० पुन्हा एकत्र चर्चा आणि चिठ्ठी. गटकामात सर्वांत अडलेल्या गटाजवळ बसा. इतर गटांना न विचारता करता येईल असंच काम द्या, नाहीतर दर मिनिटाला कोणीतरी उठून येतं. लवकर संपवणाऱ्यांना तशीच आणखी २० गणितं देऊ नका. ‘उत्तर ३७ येईल असं हातच्याचं उदाहरण तयार कर’ असं काहीतरी द्या.

वाचन अडणाऱ्या मुलाला गणिताचा प्रश्न वाचून दाखवा. तपासायचं गणित आहे, वाचन नव्हे. प्रश्न विचारल्यावर किमान ३ सेकंद थांबा.

४. आधार काढत चला

आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण, मग शेवटची पायरी रिकामी, मग शेवटच्या दोन, शेवटी नुसता प्रश्न. सलग तीन उदाहरणं बिनचूक आली की पुढे सरका. अडलं तर एकच पायरी मागे या, पहिल्यापासून सुरू करू नका. चिठ्ठ्या दर आठवड्याला पुन्हा घ्या आणि गट नव्याने लावा. वजाबाकीत अडलेलं मूल भूमितीत पुढे असू शकतं.