जुना पीसी सारखा बंद पडतोय? आधी हे बघा

जुना डेस्कटॉप चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी फटकन बंद होत असेल तर विंडोज परत टाकायच्या मागे लागू नका, बहुतेक वेळा प्रोसेसर तापतोय. निपाणीकडं तंबाखूची बारीक धूळ, खानापूरकडं पावसाळ्यात ओल, दोन्ही मिळून प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत नमद्यासारखा थर बसतो आणि फॅन फिरत असला तरी वारा आत जातच नाही. प्लग काढा, साइडचं झाकण उघडा, फॅनचं पातं बोटानं धरून ब्रशनं धूळ काढा (फॅन मोकळा गरगरू देऊ नका, बेअरिंग जातं). थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधला लेप) वाळून खडूसारखी झाली असेल तर पुसून मटाराएवढी नवी लावा. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) टेंपरेचर बघा, तिथं नुसतं बसूनच ऐंशी अंशांच्या वर चढत असेल तर हीटसिंक नीट बसलेला नाही.

टेंपरेचर ठीक आणि तरी बंद पडतोय? मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बघा. बारा व्होल्टची लाइन 11.4 च्या खाली जात असेल तर तो बदलाच, आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोटी उभी नळकांडी) वरून फुगलेत का तेही बघा. एसएमपीएस स्वतः उघडू नका हं, प्लग काढल्यावरही आत करंट राहतो.