सहा मीटरांवर स्थिर राहायचं, तर आधी शिसं मोजा

मालवणला किंवा गोव्याला, २८ अंशांच्या पाण्यात, ३ मिलिमीटरचा सूट घालून स्कूबाचा कोर्स केला. मग शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेलात, आणि तिथला पहिला डाइव्ह लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हला ठरला. ही ग्रॅनाइटची जुनी खाण, आता पाण्यानं भरलेली. हिवाळ्यात पाणी पाच-सहा अंशांवर उतरतं. नवख्यांना आधी सहा-सात मीटरांच्या कट्ट्यावर नेतात, आणि ते बरोबरच आहे. फक्त उथळ म्हणजे सोपं, असं धरून चालू नका. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहण्याचा तोल, सांभाळायला सगळ्यात अवघड जागा तीच.

त्याचं गणित शाळेतलंच आहे. पृष्ठभागावर दाब १ बार (दाबाचं एकक), पुढे दर १० मीटरांना साधारण १ बार वाढतो. पाण्याखाली जाता यावं म्हणून डाइव्हर कमरेच्या पट्ट्यात (वेट बेल्ट) शिशाचे ठोकळे बांधतो. समजा कमरेला गरजेपेक्षा ४ किलो शिसं जास्त आहे. ते तोलायला बीसीडीत, म्हणजे हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटात, ४ लिटर हवा भरावी लागते. ६ मीटरांवरून ३ वर आलात की दाब १.६ वरून १.३ बारवर येतो आणि त्या ४ लिटरचे ४.९ होतात. तुम्ही काहीही न करता जवळजवळ एक किलोची उचल मिळाली! तीच ४ लिटर हवा २० मीटरांवरून १७ वर आली, तर ४.४ लिटरच होते. आणि शिसं एकच किलो जास्त असेल, तर ६ ते ३ मीटरांत फरक पडतो पाव लिटरचा. तेवढं श्वासावर सहज निभतं. त्यामुळे नवखा वर-खाली होत असेल, तर त्याच्या कौशल्याला नावं ठेवण्याआधी त्याचा वेट बेल्ट बघावा.

जादा शिसं चढतं ते पहिल्या पाच मिनिटांत. ७ मिलिमीटरचा सूट नवा असतो, त्यात बुडबुडे अडकलेले असतात, हुडच्या टोकात हवेचा फुगा असतो. गार पाण्यानं छाती भरून येते, श्वास पूर्ण सुटतच नाही. फुफ्फुसांत दोन लिटर हवा जास्त राहिली की दोन किलोची उचल तिथेच झाली. शिवाय पाय नकळत फिन्स मारत असतात. माणूस बुडत नाही, मग कोणीतरी आणखी दोन किलो देतं. ते घेऊ नका. इन्फ्लेटरची (बीसीडीत हवा भरण्या-सोडण्याच्या बटणांची) नळी डोक्यावर सरळ उंच धरून बीसीडी पूर्ण रिकामी करा, हुडची कड बोटानं उचलून हवा सोडा, घोटे एकमेकांत अडकवा, आणि एक लांब श्वास सोडून पुढचा घेण्याची घाई करू नका. पहिले दोन मीटरच कठीण. मग सूट दबतो आणि आपोआप खाली जाता.

खरी मोजणी डाइव्हच्या शेवटी. १२ लिटरच्या स्टील सिलिंडरमध्ये २३२ बारला साधारण सव्वातीन किलो हवा असते. ५० बार उरेपर्यंत त्यातली अडीच किलो संपलेली असते. म्हणून ५० बार असताना, ५ मीटरांवर, खाली सोडलेल्या दोराला हलकेच धरून बीसीडी रिकामी करा आणि नेहमीसारखा श्वास घेत राहा. बुडताय? एक किलोचा ठोकळा जोडीदाराच्या हातात द्या, पुन्हा बघा. अजूनही बुडताय? आणखी एक. दोर न ओढता जिथल्या तिथे राहिलात की तो तुमचा आकडा. समुद्रातला आकडा खाणीत चालत नाही: सामानासकट तुम्ही १०० किलो भरत असाल, तर गोड्या पाण्यात अडीच किलो कमी लागतात.

ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा, हवा भरता येणारा सूट) असेल तर सांभाळायला हवेचे फुगे दोन. पाण्याखाली फक्त सूटमध्ये हवा भरायची की बीसीडीत, यावर प्रशिक्षकांमध्ये वाद आहे. तुमचा प्रशिक्षक सांगेल ते करा. शिसं बरोबर असेल, तर दाबानं सूट अंगाला आवळू नये एवढी हवा उथळात बहुतेक पुरते. डाव्या दंडावरचा डम्प व्हॉल्व्ह (सूटमधली हवा बाहेर सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवा आणि हवा सोडताना डावं कोपर शरीराचा सगळ्यात उंच भाग करा. नुसता हात ताणून उपयोग नाही, मनगट वर आणि व्हॉल्व्ह खाली राहिला तर हवा निघतच नाही. हवा पायांत गेली तर गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारल्यासारखं फिरा, डोकं वर आणा, लगेच हवा सोडा.

दहा अंशांखाली रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, गोठण्याची भीती खरी असते. दाबातली हवा सुटताना शून्याच्या खूप खाली गार होते, ओलावा गोठतो आणि व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. म्हणून पाण्याबाहेर थंड हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेत बसू नका, त्यातून जोरात हवा सोडणारं पर्ज बटण उगाच दाबू नका. इन्फ्लेटर अर्धा-अर्धा सेकंदच दाबा, तेही श्वास घेत नसताना. तो अडकून हवा भरतच राहिली तर नळीची जोडणी ओढून सोडवा. ५ मिलिमीटरच्या हातमोज्यांत बोटांना काही कळत नाही, तेव्हा याचा सराव काठावरच, मोजे घालून, डोळे मिटून दहा वेळा करा. रेग्युलेटरमधून हवा धो-धो सुटली तर ओठांच्या कडेनं ती जाऊ द्या, घोट-घोट श्वास घ्या आणि जोडीदाराबरोबर वर निघा. सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो.

शिसं जमलं की उरतो श्वास. श्वास घेतल्यावर शरीर दोन-तीन सेकंदांनी वर सरकतं. नवखा तेवढंही थांबत नाही, मध्येच इन्फ्लेटर दाबतो, आणि मग दोन्ही उचली एकदम लागू होतात. वर येताना मात्र श्वास कधीही रोखायचा नाही. उथळातल्या एक-दोन मीटरांतही फुफ्फुसाला इजा होऊ शकते. शेवटचे सहा मीटर चढायला पूर्ण एक मिनिट घ्या, आणि हवा वेग आल्यावर नव्हे, निघण्याआधीच थोडी सोडा.

बाहेर आल्यावर, बोटं गरम झाली की लॉगबुकात लिहा: सूट ७ मिमी, हुड, स्टील १२ लिटर, गोडं पाणी, शेवटी ५० बार, शिसं ९ किलो, ५ मीटरांवर किंचित जड. पुढच्या वेळी ८.