जुन्या एफ-१५० चं इंजिन लीन चालतंय? पार्ट घेण्याआधी ट्रिम वाचा

अमेरिकेतल्या जुन्या, १९९७ ते २००३ च्या फोर्ड एफ-१५० पिकअपवर चेक इंजिनचा दिवा लागतो, आयडलवर इंजिन थरथरतं, थंड असताना मिस मारतं आणि स्कॅनरवर पी०१७१ व पी०१७४ हे कोड येतात, म्हणजे इंजिन लीन चालतंय: हवा जास्त, पेट्रोल कमी. बरेच जण लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात आणि तो खर्च बहुतेकदा फुकट जातो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त आहे एवढंच तो सेन्सर सांगत असतो, आणि दोन्ही बाजूंचे सेन्सर एकदम खोटं बोलायला लागणं विरळाच.

पी०१७१ म्हणजे बँक १ (सिलिंडरांची एक रांग), पॅसेंजरची बाजू. पी०१७४ म्हणजे बँक २, ड्रायव्हरची बाजू. दोन्ही कोड एकत्र आले तर दोष दोन्ही बाजूंना सामाईक असलेल्या जागी शोधायचा: हवेची गळती, मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) किंवा पेट्रोलचं प्रेशर. एकच कोड असेल तर त्या बाजूचं इनटेक गॅस्केट, इंजेक्टर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बघा. या इंजिनांत मॅनिफोल्डचे स्टड तुटतात. तिथून हवा आत ओढली गेली की मिक्स्चर ठीक असूनही सेन्सरला ते लीन वाटतं. थंड इंजिनवर येणारा टिक-टिक आवाज ही त्याची खूण.

लाइव्ह डेटा दाखवणारा साधा ओबीडी-२ स्कॅनर पुरेसा आहे. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा आणि दोन्ही बँकांचे शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा; शॉर्ट म्हणजे त्या क्षणाचा, लाँग म्हणजे मुरलेला) आधी आयडलवर, मग २५०० आरपीएमला लिहून घ्या. एका बँकेच्या शॉर्ट आणि लाँगची बेरीज १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. आयडलवर +२२ आणि २५०० ला +५ अशी घसरण दिसली, तर इंजिन कुठूनतरी चोरून हवा घेतंय. आयडलला एकूण हवा थोडी आणि व्हॅक्यूम जोराचा, त्यामुळे गळतीचा वाटा मोठा होतो. रेस केल्यावर एकूण हवा वाढते आणि तो वाटा त्यात बुडून जातो. याउलट आयडलला बरं आणि चढावर किंवा लोडवर ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा मास एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय.

गळती असेल तर ४.६ आणि ५.४ लिटरच्या व्ही-८ मध्ये पहिला संशय पीसीव्ही होजच्या (इंजिनातली तेलाची वाफ इनटेकमध्ये परत नेणारी नळी) रबरी एल्बोवर घ्या. तो थ्रॉटल बॉडीच्या मागे असतो. तेलाच्या वाफेने रबर मऊ पडतं आणि खालच्या बाजूने फाटतं, म्हणून वरून बघून कळत नाही. हात मागे घालून बोटांनी चाचपा, छोटा आरसा वापरा. चिकट, लिबलिबीत लागला तर बदलाच. त्यावर टेप गुंडाळू नका, गरम तेलात ती टिकत नाही. पार्ट स्वस्त आहे, त्यासोबत पीसीव्ही व्हॉल्व्हही नवा घाला. ४.२ व्ही-६ असेल तर वरच्या इनटेकचे रबरी सील असलेले आयसोलेटर बोल्ट आणि गॅस्केट हीच ठरलेली दुखरी जागा.

तरी सापडलं नाही तर स्मोक मशीन लावून घ्या; इनटेकमध्ये धूर भरला की तो गळतीतून बाहेर दिसतो. गरम इंजिनवर कार्बोरेटर क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास चालते, पण तो फवारा भडकतो. आम्ही ती सुचवणार नाही.

लोडवर ट्रिम वाढत असेल तर आधी मास एअर फ्लो सेन्सर काढून त्याच्याच क्लीनरने धुवा. ब्रेक क्लीनर नको, सेन्सरच्या आतल्या तारेला बोट किंवा कापूसही लावू नका. पूर्ण वाळल्यावरच बसवा. तेल लावलेला एअर फिल्टर असेल तर तारेवर तेलकट थर पुन्हा चढेल. गरम आयडलवर जितके लिटरचं इंजिन, साधारण तितके ग्रॅम प्रति सेकंद हवा दिसायला हवी.

मग फ्युएल रेलच्या व्हॉल्व्हवर गेज लावा. चालू इंजिनवर ३० ते ४५ पीएसआय हवं, आणि प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की ते वाढायला हवं. लोडवर काटा खाली येत असेल तर पंपाआधी फिल्टर बदला. तो ड्रायव्हरच्या बाजूला फ्रेमवर असतो आणि दर ३०,००० मैलांना बदलायचा असतो, पण जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षं तोच पडून असतो. लाइन सोडण्याआधी पॅसेंजरच्या पायाजवळच्या इनर्शिया स्विचचा (धडकेत पेट्रोल पंप बंद करणारा) प्लग काढा, इंजिन चालवून आपोआप बंद पडू द्या, मग व्हॉल्व्हवर फडकं धरून उरलेलं प्रेशर सोडा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा, जवळ अग्निशामक ठेवा.

दुरुस्तीनंतर स्कॅनरने कोड पुसा, शहर आणि हायवे अशी मिळून ४०-५० मैल गाडी चालवा आणि तेच दोन आकडे परत घ्या. आयडलवरचा लाँग टर्म अजून +१२ वर अडकला असेल, तर दुसरी छोटी गळती बाकी आहे. ब्रेक बूस्टरची नळी आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांची टोकं तपासा.