शाळेत औषध द्यायचं तर: नर्स नसलेल्या प्राथमिक शाळेसाठी

मुंबईतल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत पूर्णवेळ नर्स नसते. औषध देण्याचं काम वर्गाच्या बाईंवर, क्लार्कवर नाहीतर मावशींवर येतं. म्हणून पहिला नियम असा करा, की जो डोस घरी देता येतो तो शाळेत येणार नाही. दोन वेळचं अँटिबायोटिक निघण्यापूर्वी आणि रात्री बसतं. तीन वेळचं असलं तरी सकाळच्या शिफ्टचं मूल दुपारी घरीच असतं. अडचण दुपारच्या शिफ्टची. तिथे पालकांनी डॉक्टरांना दवाखान्यातच विचारावं, ‘दोन वेळचं काही देता येईल का?’ शिवाय पाणी घालून तयार केलेलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. दप्तरात डब्याशेजारी ते टिकत नाही.

तरीही काही औषधं शाळेत येणारच. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा कागद हवा. व्हॉट्सॲपवरचा ‘बाई, १२ वाजता औषध द्या’ हा मेसेज चालणार नाही. कागदावर मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता-तुकडी, वजन, ॲलर्जी, औषधाचं नाव आणि ताकद, एमएलमध्ये किंवा दम्याच्या पंपाच्या पफमध्ये (एकदा दाबणं म्हणजे एक पफ) डोस, वेळ, शेवटची तारीख, पालकांची सही आणि दोन फोन नंबर असावेत. ‘गरज पडल्यास’ एवढंच लिहिलेलं असेल तर कागद परत पाठवा. कशाची गरज, ते लिहून हवं: ‘छातीतून शिट्टीसारखा आवाज आला तर २ पफ.’ दर जूनमध्ये नवा कागद घ्या, कारण वर्षभरात वजन वाढतं आणि डोस वजनावर ठरतो.

औषध मूळ बाटलीत किंवा पाकिटातच घ्या. केमिस्ट चार गोळ्या कापून देतो, तेव्हा नाव आणि एक्सपायरी बहुतेक वेळा उरलेल्या पट्टीवरच राहते. असा बिननावाचा तुकडा किंवा कागदाची पुडी घेऊ नका. आणि औषध मोठ्या माणसाने मोठ्या माणसाच्या हातात द्यायचं. कंपासपेटीतून नाही, व्हॅनवाल्या काकांबरोबरही नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या साध्या पॅरासिटामॉलच्या. बाजारात ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, २५० चंही मिळतं, आणि बाळांचे थेंब १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात. साधारण हिशेब एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅमचा. म्हणजे २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम, १२५ च्या बाटलीतून १२ एमएल आणि २५० च्या बाटलीतून फक्त ६. नुसतं ‘दोन चमचे’ म्हटलं, तर एका बाटलीतून डोस थोडा कमी पडतो आणि दुसरीतून पाचशे मिलिग्रॅम जातं. घरातले चमचेही सारखे नसतात, त्यामुळे बाटलीचं मापाचं झाकण किंवा सिरिंजच वापरा.

शाळेने तापाचं औषध स्वतःच्या कपाटात न ठेवलेलंच बरं. सकाळी ७ ला डोस देऊन मूल शाळेत पाठवलेलं असतं, ९:३० ला अंग गरम लागतं आणि कोणीतरी मायेने दुसरा डोस देतं. दोन डोसांत किमान ४ तास जायला हवेत आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. म्हणून आधी फोन: शेवटचा डोस किती वाजता, कोणत्या बाटलीतून, किती एमएल? ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे. पावसाळ्यातल्या तापात डेंग्यूची शक्यता असते, तेव्हा आयबुप्रोफेनही नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बाकी औषधं कुलपात ठेवा, पण दम्याचा पंप कधीच नाही. किल्ली मुख्याध्यापिकांच्या पर्समध्ये आणि मुख्याध्यापिका वॉर्ड ऑफिसच्या मीटिंगला, हे मुंबईत रोजचंच. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडून तोंडाशी धरायची पोकळ नळी) वर्गात बाईंच्या हाताशी, पीटीला मैदानावर, सहलीला बसमध्ये. पंप हलवा, स्पेसरला लावा, एकच पफ सोडा, मुलाला ५-६ शांत श्वास घेऊ द्या, मग पुन्हा हलवून पुढचा. दोन पफ एकदम सोडले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. औषध संपल्यावरही पंपातून फुस्स आवाज येत राहतो, म्हणून पंपावरचा उरलेले पफ दाखवणारा काउंटर बघा. काउंटर नसेल तर वापरलेले पफ डब्यावर टिकमार्क करून मोजा.

दम्याचा झटका आलाच तर मुलाला ताठ बसवा. सालब्युटामॉलच्या (श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या) पंपाचे ४ पफ, ४ मिनिटं थांबा, पुन्हा ४. तरीही मूल सलग वाक्य बोलू शकत नसेल, किंवा बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवा. ओठ निळसर दिसले तर कशाचीच वाट न पाहता फोन.

फिट आल्यावर कांदा-चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं बंद. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. कागदावर फिट थांबवणारा नाकातला मिडाझोलाम स्प्रे लिहिलेला असेल तर सांगितल्याप्रमाणे मारा. ५ मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८.

मधुमेही मुलाची साखर ७० च्या खाली गेली तर ३ लहान चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अशा मुलाला एकट्याने जिना उतरून सिक रूमकडे पाठवायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

औषध देण्यापूर्वी मुलालाच नाव विचारा, वडिलांच्या नावासकट. एका तुकडीत दोन आरव हमखास असतात. दिल्याबरोबर रजिस्टरमध्ये एक ओळ: ‘१४ जुलै, ११:१०, २ री ब, हजेरी क्र. १७, सालब्युटामॉल २ पफ, १५ मिनिटांनी बरं, आईला फोन केला, सही.’ मुलाने औषध ओकलं तर आपल्या मनाने दुसऱ्यांदा देऊ नका, तेही लिहा आणि फोन करा.

फेब्रुवारी-ऑगस्टच्या जंतनाशक मोहिमेतली ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी बाईंसमोर चावून खायची असते, नुसती गिळली तर लहान मुलांच्या घशात अडकू शकते. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला ती देऊ नका.

घरी कोणी राहायचं, हेही धोरणातच लिहा. तापाचं मूल औषधाशिवाय २४ तास ताप नसल्यावर परत. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गालफुगीत सूज आल्यापासून ५ दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून ४ दिवस. उवांसाठी कोणाला घरी बसवू नका. आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. त्याच्यापायी पालक तापातलं मूल डोस पाजून वर्गात आणून सोडतात.

मे महिन्याच्या सुट्टीआधी प्रत्येक बाटली आणि पंप पालकांना सही घेऊन परत करा. बंद शाळेचं कपाट उन्हाळ्यात तापतं आणि जूनमध्ये त्याच बाटल्या पुन्हा वापरल्या जातात.