लेखनकौशल्याच्या वर्गात येण्याआधी

जुलैत पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, गाईड कोणतं घ्यायचं?" तेच आधी सांगून टाकते. गाईड घेऊ नका. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जाऊन पैसे खर्च करायचेच असतील तर दोनशे पानी वही आणि एक बरा मराठी शब्दकोश घ्या, उरलेल्या पैशांत तर्री-पोहे खा. मराठी लेखनकौशल्याच्या या पेपरात पाठ करण्यासारखं जवळपास काहीच नाही, आणि बारावीपर्यंत निबंध पाठ करून आलेल्यांना नेमकं हेच जड जातं.

वेळापत्रकात हा विषय 'एईसी' (क्षमता वाढवणारा अभ्यासक्रम) असा दिसेल. नव्या शैक्षणिक धोरणात कला, वाणिज्य, विज्ञान सगळ्यांनाच भाषेचा असा पेपर आहे. दोन क्रेडिट, म्हणजे साधारण ३० तासिका. एवढ्या वेळात कोणी लेखक होत नाही, आणि मलाही कोणाला साहित्यिक करायचं नाही. तुम्ही पाहिलेलं, ऐकलेलं, तपासलेलं समोरच्याला एका वाचनात कळावं, एवढंच मागणं आहे. सभेचं इतिवृत्त असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की सहलीचा अहवाल. आणि एकदा लिहिलेलं पुन्हा लिहायची तयारी हवी. गुण बहुतेक तिथेच मिळतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

वहीत फक्त उजव्या पानावर लिहा. डावं पान कोरं ठेवा, दुरुस्त्या तिथे येतील. खोडरबर आणि पांढरी शाई घरी ठेवा. खोडलेली ओळ मला दिसली पाहिजे. तुम्ही काय काढलं हे पाहिल्याशिवाय तुमचा विचार कुठे वळला ते मला कळणार कसं? पहिला खर्डा कोणाचाच चांगला नसतो. तो तपासताना मी गुण देत नाही, फक्त प्रश्न लिहिते. दुसऱ्या खर्ड्यात त्या प्रश्नांची उत्तरं आली का, ते बघते. ज्यांचे दोन्ही खर्डे अक्षरशः सारखे असतात, फक्त अक्षर सुधारलेलं असतं, त्यांना वाईट वाटतं. मला इलाज नाही.

एक नमुना देते. काटोलकडच्या एका मुलाने पहिल्या आठवड्यात लिहिलं: "नागपूर हे संत्रानगरी म्हणून प्रसिद्ध असून येथील संत्री जगप्रसिद्ध आहेत. संत्री आरोग्यास अत्यंत लाभदायक असतात." यात चूक एकही नाही. पण हे रत्नागिरीत बसून, बाग न बघताही लिहिता येतं. मी समासात एवढंच विचारलं, "घरी बाग आहे ना? आंबिया घेता की मृग?" (हे संत्र्याच्या फुलोऱ्याचे दोन हंगाम, म्हणजे बहार.) दुसरा खर्डा असा आला: "आमच्याकडे मृग बहार घेतात. त्यासाठी उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. झाडं सुकल्यासारखी दिसतात. मी घाबरलो की आजोबा म्हणतात, 'भिऊ नको, ताण बसून राहिला.' पाऊस पडला की फुलं धरतात." एकही अलंकार नाही, 'जगप्रसिद्ध' गेलं, आणि ज्याने आयुष्यात बाग पाहिली नाही त्यालाही ताण म्हणजे काय ते समजलं. तुमच्याकडे बाग नसेल तर इतवारीतलं दुकान असेल, कामठीहून येणारी गर्दीची गाडी असेल, वसतिगृहाची खानावळ असेल. विषय मोठा लागत नाही.

दुसरा खर्डा कसा करायचा, तर आधी पहिला मोठ्याने वाचा. मनात नाही, ओठ हलले पाहिजेत. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य मोडा. मग पहिला परिच्छेद झाकून बघा, लेख दुसऱ्यापासून सुरू होतो का? बहुतेक वेळा होतो. "आजच्या धावपळीच्या युगात" किंवा "प्राचीन काळापासून मानव" अशी सुरुवात असेल तर झाकायचीही गरज नाही, सरळ काढा. त्यानंतर 'करण्यात आले', 'देण्यात येईल' अशी वाक्यं शोधा आणि स्वतःला विचारा, कोणी केलं? "वृक्षारोपण करण्यात आले" यात झाड लावणारा माणूसच गायब आहे. सरकारी पत्रात ही पद्धत चालते, तुमच्या अहवालात नाव लिहा.

तपासणं हा वेगळा भाग. दरवर्षी निम्म्या वह्यांत असतं की नागपुरातला झिरो माईलचा दगड हा भारताचा मध्यबिंदू. मी कोणाचं वाक्य खोडत नाही, त्यांना तिथे पाठवते. आता तर मेट्रोचं स्टेशनच त्या नावाचं आहे. जा, खांब आणि घोड्यांसमोर फोटो काढून झाले की दगडावरचा मजकूर वाचा. तिथे जी.टी.एस. ही अक्षरं आणि १९०७ हे साल आहे. जी.टी.एस. म्हणजे इंग्रजांच्या काळात झालेलं देशाचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण, आणि हा दगड त्यातली उंची मोजण्याची पक्की खूण. खांबावर वेगवेगळ्या गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत. ती उतरवून आणा. 'मध्यबिंदू' कुठे लिहिलंय तेही शोधा. परत आल्यावर जे वाचलं तेवढंच लिहा, आणि लोक काय म्हणतात ते 'लोक म्हणतात' असं वेगळं लिहा. अहवाल लिहिण्यातलं अर्धं शिक्षण या एका फेरीत होतं.

बोलीची भीती बाळगू नका. "काय करून राहिला" म्हटलं म्हणून इथे कोणी हसत नाही, मी स्वतः घरी तसंच बोलते. वरच्या आजोबांचं वाक्य मी प्रमाण मराठीत 'दुरुस्त' करायला लावलं असतं तर ते मेलं असतं. पण तोच मुलगा प्राचार्यांना अर्ज लिहिताना "मी आजारी पडून राहिलो" लिहील तर मी थांबवेन. कोणाला काय लिहितोय हे बघून भाषा ठरते, इतकं साधं आहे.

शुद्धलेखनाचा मात्र बाऊ करू नका आणि दुर्लक्षही नको. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १८ आहेत: १४ नियम १९६२चे, ४ नंतर १९७२मध्ये जोडलेले. एका बैठकीत वाचून होतात. पहिल्या महिन्यात दोनच पकडा. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाणी, कवी, वस्तू, गुरू. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' हे अपवाद. दुसरा, मूळ शब्दातली दीर्घ वेलांटी किंवा ऊकार प्रत्यय लागल्यावर बहुधा ऱ्हस्व होतो: फूल–फुलाचा, मूल–मुलाला, गरीब–गरिबाला. एवढ्याने वहीतली लाल शाई बरीच कमी होते.

टंकलिखित काम युनिकोडमध्येच द्या. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप करून आणलेली फाईल माझ्या संगणकावर उघडली की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. फोनवर बोलून टाईप करत असाल तर हरकत नाही, पण विरामचिन्हं आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी बघा.

चॅटजीपीटीचं सगळे दबक्या आवाजात विचारतात, म्हणून उघड सांगते. प्रत्येक शिक्षकाचा नियम वेगळा आहे, पहिल्या तासाला विचारून घ्या. माझा असा: शब्दाचा अर्थ विचारा, उलट प्रश्न विचारायला लावा, पण मजकूर तुमचा हवा, आणि मदत घेतली असेल तर शेवटी एका ओळीत लिहा. लपवलंत तर मी पोलिसगिरी करत नाही. समोर बसवून लेखाबद्दल गप्पा मारते. ज्याने लिहिलंय तो बोलत सुटतो, ज्याने नाही तो खिडकीकडे बघतो. पुस्तकातून किंवा वर्तमानपत्रातून घेतलं तर नाव आणि तारीख तिथल्या तिथे लिहा, शेवटी आठवत नाही.

वर्गात एकमेकांचे खर्डे वाचायचे असतात. तिथे "छान आहे" म्हणायला बंदी आहे. आपल्याला कुठे कळलं नाही, कुठे कंटाळा आला, कुठे आणखी ऐकायचं होतं, एवढं बोटाने दाखवा. ज्याचा खर्डा आहे त्याने मध्ये बोलून खुलासा करायचा नाही. तुम्ही वाचकाच्या घरी जाऊन खुलासा करणार आहात का?

हजेरी ७५ टक्के. रात्री डिलिव्हरीचं काम करून सकाळी येणारी मुलं माझ्या वर्गात आहेत, उमरेड-सावनेरहून एसटीने येणाऱ्या मुली आहेत. अडचण असेल तर आठवडाभर आधी बोला. खर्डा द्यायच्या दिवशी सकाळी आलेला "मॅडम तब्येत ठीक नाही" हा निरोप मी वाचते आणि बाजूला ठेवते. निरोपाच्या शेवटी नाव, शाखा, रोल नंबर टाका. प्रोफाइलवरच्या नुसत्या सूर्योदयाच्या चित्रावरून तुम्ही कोण ते मी कसं ओळखू?

पहिल्या तासाला येताना दहा ओळी लिहून आणा: घरातून कॉलेजपर्यंतच्या वाटेवर आज जे कालपेक्षा वेगळं दिसलं, ते. वर तारीख घाला. शीर्षक देऊ नका, ते आपण शेवटच्या खर्ड्यावर देऊ.